एक संसार, दोन टाइपरायटर

जग फिरायला निघालेला तो आणि लेखिका व्हायचं ठरवून आलेली ती. 1930 च्या दशकात चीनमध्ये संसार थाटणाऱ्या एडगर आणि हेलन स्नो या अमेरिकन जोडप्याच्या घरात काय काय घडलं, आणि त्यातलं किती कुणाच्या नावावर जमा झालं, त्याची ही गोष्ट.

परदेशात राहणाऱ्या जोडप्यांचे व्लॉग आपण सगळेच बघतो. भाड्याचं घर, तिथला भाजीबाजार, वीकेंडची ट्रिप, भाषा न आल्यामुळे झालेली फजिती. एक जण बोलत असतो, दुसरा कॅमेरा धरून असतो. कॅमेरा धरणाऱ्याचं नाव बऱ्याचदा शेवटपर्यंत कळतही नाही.

साधारण नव्वद वर्षांपूर्वी असंच एक जोडपं चीनमध्ये राहत होतं. कॅमेरा त्यांच्याकडेही होता, पण खरं काम चालायचं टाइपरायटरवर. यातलं एडगर स्नो हे नाव पत्रकारिता शिकणाऱ्यांना कधी ना कधी भेटतंच. माओच्या तळापर्यंत पोहोचून त्याची सविस्तर मुलाखत घेणारा पहिला पाश्चात्त्य पत्रकार, ही त्याची ओळख. 'रेड स्टार ओव्हर चायना' हे त्याचं पुस्तक आजही वाचलं जातं. हेलन फॉस्टर स्नो हे नाव मात्र विचारलं तर वर्गात फारसे हात वर होणार नाहीत. आणि गंमत म्हणजे त्या पुस्तकामागची कितीतरी मेहनत तिची आहे.

सहा आठवड्यांचा प्लॅन

एडगर मूळचा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा. पत्रकारितेचं शिक्षण अर्धवट सोडलेलं, शेअर बाजारात थोडे पैसे मिळालेले, आणि ते संपायच्या आत जग बघून घ्यायचं ही जिद्द. हवाईहून जपानपर्यंतचा प्रवास तर त्याने जहाजात लपून, बिनतिकीट केला. 1928 च्या जुलैमध्ये तो शांघायला उतरला तेव्हा त्याचं वय होतं जेमतेम 22-23. प्लॅन सहा आठवड्यांचा होता. राहिला तो जवळजवळ तेरा वर्षं.

त्याला थांबवलं ते नोकरीने. शांघायच्या 'चायना वीकली रिव्ह्यू'मध्ये काम मिळालं. पुढच्याच वर्षी रेल्वेने देशभर फिरून लिहायची असाइनमेंट आली. या फिरतीत तो वायव्येकडच्या दुष्काळी भागात पोहोचला. रस्त्याच्या कडेला भुकेने मेलेली माणसं, झाडांच्या साली सोलून खाणारी गावं त्याने डोळ्यांनी पाहिली. शांघायच्या क्लबात बसून चीनवर मतं देणारे परदेशी आणि हा चीन, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे त्याला तिथे कळलं. हा दुष्काळ लक्षात ठेवा. पुढे तो परत येणार आहे.

हेलन आली 1931 च्या ऑगस्टमध्ये. यूटाह राज्यातल्या एका छोट्या गावात जन्मलेली, वय 23. अमेरिकन वकिलातीत क्लार्कची नोकरी आणि डोक्यात एकच गोष्ट, आपण मोठी लेखिका होणार. एडगरचे लेख तिने आधीच वाचलेले होते. तो भेटला तेव्हा मात्र तो चीनला कंटाळून परत जायच्या विचारात होता. दोघांची ओळख वाढली तशी ती परतीची बात मागे पडली. 1932 च्या नाताळच्या दिवशी टोकियोत त्यांनी लग्न केलं आणि बोटीने जपान, बोर्निओ, जावा असं करत हनिमूनला निघाले. 1933 मध्ये चीनला परतले ते राजधानीचं शहर म्हणून मिरवून झालेल्या, जुन्या बीजिंगमध्ये. तेव्हा राजधानी नानजिंगला हलली होती आणि बीजिंगचं नाव होतं बेइपिंग.

अंगणाभोवतीचं घर

बेइपिंगमधली जुनी घरं आपल्याकडच्या वाड्यांची आठवण करून देणारी. मध्ये अंगण, चारी बाजूंनी खोल्या, बाहेर उंच भिंत आणि त्यापलीकडे अरुंद गल्ली. या गल्लीला तिथे 'हुतोंग' म्हणतात. स्नो जोडप्याचं पहिलं बिऱ्हाड अशाच एका हुतोंगमध्ये होतं. हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी, वसंतात गोबीच्या वाळवंटाकडून येणारी धुळीची वादळं. त्यांनी पांढरा ग्रेहाउंड कुत्रा पाळला, त्याचं नावही ठेवलं गोबी.

फ्रीलान्सिंगच्या पैशात हे सगळं परवडायचं कसं? उत्तर साधं आहे. चीनचं चलन चांदीवर चालायचं आणि त्या वर्षांत चांदी पडलेली होती. खिशात थोडे अमेरिकन डॉलर असले की अंगण असलेलं घर, स्वयंपाकी, नोकर, सगळं आवाक्यात यायचं. मायदेशात मंदीमुळे लोक बेकार होत असताना इथे नवखा पत्रकारसुद्धा साहेबासारखा राहू शकत होता. परदेशी लोकांची वेगळी वसाहत होती, तिथे पार्ट्या, घोड्यांच्या शर्यती, टेनिस. बरीचशी परदेशी जोडपी त्या भिंतींच्या आतच आयुष्य काढायची. आजही परदेशात राहणाऱ्या मंडळींमध्ये हा 'बबल' दिसतोच.

या दोघांनीही पार्ट्या केल्या, शर्यतीही बघितल्या. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. चिनी भाषेची शिकवणी लावली. एडगर येनचिंग विद्यापीठात पत्रकारिता शिकवू लागला, तेव्हा ते विद्यापीठाजवळच्या हाइद्यान भागात राहायला गेले. तिथे त्यांची खरी दोस्ती झाली ती विद्यार्थ्यांशी. याच काळात आधुनिक चिनी कथांचा इंग्रजी संग्रह करायचं काम चाललं होतं. लू शुन या मोठ्या लेखकाच्या कथा त्यात होत्या. 1936 मध्ये 'लिव्हिंग चायना' नावाने तो आला. संपादक म्हणून नाव एडगरचं. आधुनिक चिनी साहित्याच्या चळवळीवरचा त्यातला लेख हेलनचा, तोही टोपणनावाने. 'निम वेल्स' हे तिचं टोपणनाव. 'निम' म्हणजे ग्रीक भाषेत नावाशी संबंधित, आणि वेल्स तिच्या पूर्वजांचा प्रदेश. थोडक्यात, तिच्या लेखनावर 'स्नो' हे आडनाव नव्हतं.

दाराआडच्या बैठका

1935 मध्ये ते पुन्हा शहरात आले, कोटाच्या आग्नेय कोपऱ्याजवळच्या एका घरात. आणि इथे त्यांचं आयुष्य बदललं.

जपानने 1931 मध्ये मांचुरिया गिळला होता. आता त्याची नजर उत्तर चीनवर होती. नानजिंगचं सरकार जपानशी लढण्याऐवजी कम्युनिस्टांशी लढण्यात गुंतलं होतं. बेइपिंगचे विद्यार्थी आतून धुमसत होते, पण सभा घ्यायला जागा नाही. वसतिगृहांवर नजर, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, पकडलं गेलं तर तुरुंग.

मग जागा मिळाली ती स्नोंच्या दिवाणखान्यात. यामागे एक कायद्याची मेख आहे. जुन्या, लादलेल्या करारांमुळे अमेरिकन नागरिकांना तेव्हा चिनी कायदा लागू होत नसे. साहजिकच चिनी पोलीस त्यांच्या घरात सहज घुसू शकत नव्हते. चिनी लोकांसाठी हा अपमानच होता. स्नो जोडप्याने याच अपमानास्पद सवलतीचा उपयोग चिनी विद्यार्थ्यांसाठी करून घेतला. येनचिंग आणि चिंगहुआ विद्यापीठांतली मुलं-मुली त्यांच्याकडे चहाच्या निमित्ताने यायची आणि आंदोलनाच्या चर्चा करायची. या चर्चांत हेलनचा पुढाकार मोठा होता. रस्त्यावर उतरा, असं ती पोरांना सांगायची.

9 डिसेंबर 1935 ला विद्यार्थी रस्त्यावर उतरले. शहराबाहेरच्या विद्यापीठांमधून आलेल्यांच्या तोंडावर वेशीचे दरवाजे बंद करण्यात आले. आत पोहोचलेल्यांवर कडाक्याच्या थंडीत पाण्याचे फवारे सोडले, लाठ्या चालल्या. एडगर आणि हेलन दोघं मोर्च्याबरोबर होते. परदेशी वार्ताहर हजर असल्यामुळे बातमी चीनबाहेर गेली. आठवड्याने, 16 डिसेंबरला, त्याहून मोठा मोर्चा निघाला आणि आंदोलन इतर शहरांत पसरलं. चीनच्या इतिहासात ते '9 डिसेंबरची चळवळ' म्हणून नोंदलं गेलं. त्या घरात ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी हुआंग ह्वा पुढे चीनचा परराष्ट्रमंत्री झाला.

आता इथे आमच्यासारख्यांना पडणारा प्रश्न येतोच. पत्रकाराने बातमी लिहायची की बातमीत उतरायचं? ज्या मोर्च्याच्या तयारीत आपण होतो, त्याचीच बातमी आपण पाठवायची? वर्गात हा प्रश्न आला तर दोन्ही बाजूंनी जोरदार वाद होईल. स्नो जोडप्याचं उत्तर त्यांच्या वागण्यात होतं. दार उघडं ठेवणं त्यांना बातमीइतकंच महत्त्वाचं वाटलं.

त्याचा प्रवास

1936 पर्यंत कम्युनिस्टांची लाल सेना लाँग मार्च करून वायव्येकडच्या डोंगराळ भागात पोहोचली होती. सरकारने त्या भागाची नाकेबंदी केली होती. आत नक्की कोण आहे, किती आहेत, माओ जिवंत आहे की मेला, बाहेर कुणालाच धड माहीत नव्हतं. एडगरने तिथे जायचं ठरवलं. सन यत-सेन यांच्या पत्नी सूंग चिंगलिंग यांच्याशी शांघायपासूनची ओळख होती, ती इथे कामाला आली.

जूनमध्ये एका रात्री तो बेइपिंगहून शिआनच्या गाडीत बसला. खिशात अदृश्य शाईने लिहिलेलं ओळखपत्र. अंगात थोडा ताप, कारण देवी, विषमज्वर, कॉलरा, प्लेग अशा सगळ्या लशी एकदमच टोचून घेतलेल्या. सोबत वाटेत जॉर्ज हातेम हा तरुण अमेरिकन डॉक्टर होता. तो पुढे कायमचा चीनचाच झाला. शिआनहून ट्रकने, मग पायी, सैन्याची हद्द ओलांडत एडगर बाओ-आनला पोहोचला.

तिथे तो साधारण चार महिने राहिला. रात्री गुहेत मेणबत्तीच्या उजेडात माओ बोलायचा, दुभाषा सांगायचा, एडगर लिहून घ्यायचा. माओने स्वतःच्या बालपणापासूनची हकीकत सांगितली ती याच रात्रींमध्ये. लाल तारा असलेली टोपी घातलेल्या माओचा जो फोटो पुढे जगभर छापला गेला, तोही एडगरने इथेच काढला. फोटोतली टोपी एडगरची स्वतःची होती.

परतीचा किस्सा तर सिनेमात शोभेल असा. डायऱ्या आणि फिल्म असलेली त्याची बॅग लपवण्यासाठी दुरुस्तीला चाललेल्या बंदुकांच्या पोत्यात घातली होती. शिआनला उतरल्यावर लक्षात आलं की ते पोतं मागच्याच एका गावी उतरवलं गेलंय! चार महिन्यांचं काम त्यात. रात्री ट्रक परत पाठवला आणि पहाटे बॅग मिळाली. दुसऱ्या दिवशी चँग कै-शेक शिआनला येणार म्हणून रस्ते बंद झाले. एक दिवस उशीर झाला असता तर पुस्तक झालंच नसतं.

घरी तिने काय केलं?

एडगर आत असताना हेलन घरी वाट बघत बसली नव्हती. तिनेही त्या भागात शिरायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही, तर शिआनमध्ये जाऊन तिने चँग श्युएल्यांग या सेनापतीची मुलाखत घेतली. कम्युनिस्टांशी लढाई थांबवून जपानविरुद्ध एक व्हावं, असा त्याचा सूर तिने ऑक्टोबरमध्येच लंडनच्या वर्तमानपत्राला कळवला. दोन महिन्यांनी, डिसेंबर 1936 मध्ये, याच सेनापतीने चँग कै-शेकला शिआनमध्ये ताब्यात घेतलं आणि जग हादरलं. हा स्कूप हेलनचा होता.

एडगर परतल्यावर हिवाळाभर घरात टाइपरायटर थांबले नाहीत. त्याच्या नोंदी हेलनने टाइप केल्या, फोटोंच्या ओळी लिहिल्या. माओच्या आयुष्याचा भाग एडगर थोडक्यात उरकणार होता. तो जसाच्या तसा, माओच्याच शब्दांत ठेव, असा हट्ट हेलनने धरला. आज त्या पुस्तकातला सगळ्यात जास्त वाचला जाणारा भाग तोच आहे. एडिटर काय असतो, हे यापेक्षा चांगलं समजावून सांगता येणार नाही.

त्याच हिवाळ्यात, जानेवारी 1937 मध्ये, त्यांच्या घराजवळच्या बुरुजापाशी पामेला वर्नर या ब्रिटिश तरुणीचा मृतदेह सापडला. तिचंही घर त्याच गल्लीत होतं. तिचा खुनी कधीच शिक्षेपर्यंत पोहोचला नाही. मारायचं आपल्याला होतं की काय, ही भीती हेलनला वाटत राहिली. परदेशी असल्याची ढाल सगळीकडे चालत नव्हती.

तिचा प्रवास

एप्रिल 1937. एडगरचं पुस्तक अजून पूर्ण व्हायचं होतं आणि त्यात काही मोठ्या नेत्यांच्या मुलाखती नव्हत्या. हेलन निघाली. शिआनमध्ये पोलिसांनी तिला अतिथिगृहात अडकवून ठेवलं, दाराशी पहारा. एका रात्री ती खिडकीतून बाहेर पडली, एका तरुण अमेरिकन माणसाच्या मदतीने गाडीने शहराबाहेर गेली आणि मे महिन्यात यानानला पोहोचली. लाल सेनेचं ठाणं आता तिथे होतं.

ती तिथे चार महिने राहिली. आमांशाने बेजार झाली, पण मुलाखती थांबल्या नाहीत. सेनापती चू दे, इतर नेते, आणि ज्यांच्याकडे एडगरचं फारसं लक्ष गेलं नव्हतं त्या बायका, कामगार, शाळकरी पोरं. तिने पाठवलेला मजकूर एडगरच्या पुस्तकात गेला. एका कोरियन क्रांतिकारकाला तर तिने शोधून काढलं ते ग्रंथालयातून इंग्रजी पुस्तकं कोण नेतं या कुतूहलातून. त्याच्या आयुष्यावरचं 'साँग ऑफ अरिरांग' 1941 मध्ये आलं.

ती यानानमध्ये असतानाच, 7 जुलैला, बेइपिंगजवळच्या मार्को पोलो पुलाशी जपानी आणि चिनी सैन्यात गोळीबार झाला आणि युद्ध पेटलं. नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, मध्ये रणभूमी. बेइपिंग जपानच्या हाती गेलं, तेव्हा स्नोंच्या घरात विद्यार्थी आणि कार्यकर्ते आसऱ्याला होते. हेलन सप्टेंबरमध्ये यानानहून निघाली.

हेच ते यानान, जिथे फेब्रुवारी 1939 मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकासोबत पोहोचले. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'मुळे आपल्याला ते गाव दुरून का होईना, माहीत आहे. एडगरसोबत आलेला तो डॉक्टर हातेम तोवर तिथे चिनी नावाने, मा हाइदे म्हणून, रुग्णसेवा करत होता.

एक शब्द आणि एक कारखाना

'रेड स्टार ओव्हर चायना' 1937 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला प्रसिद्ध झालं आणि एडगर एका रात्रीत मोठा झाला. 1938 मध्ये शांघायमध्ये त्याचा चिनी अनुवाद आला, सेन्सॉरच्या डोळ्यांत धूळ फेकायला नाव ठेवलं होतं 'पश्चिमेच्या प्रवासातल्या नोंदी' अशा अर्थाचं. प्रवासवर्णन समजून पुस्तक फिरलं आणि ते वाचून कितीतरी तरुणांनी यानानची वाट धरली.

हेलनचं 'इनसाइड रेड चायना' आलं 1939 मध्ये. तोवर विषयाचं नावीन्य संपलं होतं. 'आणखी एक पुस्तक' म्हणून ते बाजूला पडलं.

पण तिची एक कल्पना मात्र मोठी झाली. युद्धात शांघायचे कारखाने उद्ध्वस्त झाले होते, लाखो लोक बेकार होते. देशाच्या आतल्या भागात छोट्या छोट्या सहकारी कारखान्यांची साखळी उभारायची, असं तिच्या मनात आलं. न्यूझीलंडचा रेवी अॅली आणि एडगर यांच्यासोबत ती कल्पना 1938 मध्ये प्रत्यक्षात आली. कापड, साबण, बूट, घोंगड्या बनवणारे हजाराहून जास्त कारखाने उभे राहिले. या चळवळीचं चिनी लघुरूप होतं 'गंग हो'. एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने ते आपल्या तुकडीचं ब्रीद केलं आणि आज इंग्रजीत अतिउत्साही माणसाला 'गंग हो' म्हणतात, तो शब्द इथून आलेला. हेलनने या कारखान्यांवर लिहिलेलं पुस्तक अलाहाबादहूनही निघालं, जवाहरलाल नेहरूंच्या प्रस्तावनेसह.

नाव कुणाचं, खरं किती

1940 च्या अखेरीस हेलन आणि काही आठवड्यांनी एडगर अमेरिकेला परतले. युद्धाने दमलेला हा संसार तिथे टिकला नाही. 1949 मध्ये घटस्फोट झाला. त्याच वर्षी चीनमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले.

एडगरचं पुढचं आयुष्य सरळ नाही. कम्युनिस्टविरोधी लाटेत अमेरिकेत त्याला काम मिळेनासं झालं, तो स्वित्झर्लंडला गेला. 1960 मध्ये तो पुन्हा चीनला गेला. 'ग्रेट लीप फॉरवर्ड'च्या धोरणाने त्या वर्षांत कोट्यवधी लोक भुकेने मरत होते. एडगरने लिहिलं, दुष्काळ नाही. 1929 मध्ये ज्याने भुकेने मेलेली माणसं स्वतः पाहिली, त्याच पत्रकाराला या वेळी सरकारी पाहुणचारात ती दिसली नाहीत. 'रेड स्टार'वरही आक्षेप आहेच. माओच्या मुलाखतीचा मजकूर चिनीत करून माओकडून तपासून घेतला होता. ज्याच्यावर लिहायचं त्यालाच कॉपी दाखवायची का? ओळख वाढली की डोळे झाकले जातात का? धाडसी प्रवासाइतकाच हा धडाही आमच्या पिढीच्या पत्रकारांनी लक्षात ठेवायला हवा. 1936 चं त्याचं काम मोठं आहे, पण म्हणून 1960 ची चूक लहान होत नाही.

फेब्रुवारी 1972 मध्ये एडगर गेला. त्यानंतर आठवड्याभरात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बीजिंगला उतरले. एडगरच्या अस्थींचा काही भाग आज बीजिंग विद्यापीठात आहे, पूर्वी येनचिंगचं होतं त्याच आवारात.

हेलन कनेक्टिकटमधल्या एका जुन्या घरात एकटी राहिली, हाताशी पैसे बेताचे. लिहिणं सोडलं नाही. 1984 मध्ये तिची 'माय चायना इयर्स' ही आठवणींची वही पुस्तकरूपात आली, तेव्हा ती 76-77 वर्षांची होती. बाकी ढीगभर हस्तलिखितं छापलीच गेली नाहीत. 1997 मध्ये तिचं निधन झालं. तिचे कागद आता अमेरिकेतल्या संग्रहांमध्ये जपून ठेवलेत आणि संशोधक ते उघडून वाचतायत.

आपल्या ग्रुप प्रोजेक्टमध्येही हे होतंच की. रेकॉर्डिंग ऐकून शब्द न् शब्द उतरवणारी एक, प्रेझेंटेशन देणारा दुसरा, आणि मार्क मिळाले की नाव त्याचं. 'रेड स्टार' वाचायला घ्याल तेव्हा शेजारी 'माय चायना इयर्स'ही ठेवा. एकाच घरातली तीच वर्षं दोन टाइपरायटरवर कशी उतरली, ते दोन्ही वाचल्याशिवाय कळत नाही.